पोटात पक्षी, पाठीत सेल: साउंडवेव्ह जवळून बघूया

तर हा समोर टेबलावर ठेवलाय तो. आईने काल येता जाता बघितला आणि विचारलं, "अरे हा टेप चालतो का अजून?" बस, मला वाटतं रिव्ह्यूचा अर्धा भाग इथेच संपला.

टेप नाहीये हा, ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोट-खेळण्यांमधला साउंडवेव्ह आहे, घडी घातली की टेप, उलगडला की रोबोट. ट्रान्सफॉर्मर्स म्हटलं की आपल्याला ट्रक आणि गाड्या आठवतात, पण १९८४ला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत ही लाइन काढली तेव्हा त्यातली बरीच खेळणी जपानच्या टाकारा कंपनीकडून आलेली होती, गाड्या तिच्या डायाक्लोन या लाइनमधून, आणि हा आला तिच्याच मायक्रोमॅन या दुसऱ्या लाइनच्या मायक्रो चेंज सिरीजमधून, जिथे आयडिया अशी होती की रोबोट घरातल्या खऱ्या वस्तूच्या खऱ्या साइजमध्ये लपतो. वॉकमन १९७९चा, हा १९८३चा, म्हणजे तेव्हा घराघरात काय मिरवत होतं ते कळतंच.

आता हे बघा, खांद्याजवळचं हे इजेक्टचं बटण. दाबलं... खट्! दार उघडलं. आत कॅसेट. ही कॅसेट म्हणजे बझसॉ, मायक्रोकॅसेटच्या, म्हणजे इवल्याशा कॅसेटच्याच मापाचा, उलगडला की पिवळा-काळा पक्षी होतो. बाकीची कॅसेट मंडळी, रॅव्हेज, रंबल, लेझरबीक वगैरे, वेगळी विकत घ्यायची, म्हणजे खिशाला चाट तिथे होती.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट मागे आहे. टेपच्या पाठीला सेलचा कप्पा असतो ना, तसाच इथेही आहे, आणि आतले दोन सेल खरे सेल नाहीतच, ती त्याची हत्यारं आहेत! एक बंदूक, एक मिसाइल लाँचर, घडी घातली की गप्प पेन्सिल सेलसारखी आत बसतात. ज्याला कोणाला हे सुचलं ना, त्याला साष्टांग दंडवत.

रोबोट म्हणून मात्र, खरं सांगतो, लाकडाचा ओंडका आहे. हात जेमतेम हलतात, पाय म्हणजे दोन खांब, पोज काय तर सावधान. आणि कार्टूनमध्ये हाच बाबा त्याचा खलनायक बॉस मेगाट्रॉन, त्याच्याएवढा उंच, मग टेप झाला की माणसाच्या हातात मावतो, ते कसं हे विचारायचं नाही.

माझा पीस सेकंडहँड आहे. विकणारा म्हणाला सगळे पार्ट आहेत, घरी येऊन पाठ उघडली तर एकच सेल. दुसरा कोणाच्या तरी घरी खऱ्या सेलांबरोबर कचऱ्यात गेला असणार, एवढा हुबेहूब बनवला की हेच होणार ना. स्टिकरचे कोपरेही उचललेत, तिथे नख लावायचा मोह आवरा बरं का.

आता एकच हत्यार, तर एकाच हातात देऊन उभा केलाय. मधेमधे जाता येता इजेक्ट दाबतो, खट्, परत बंद करतो. आईला सांगितलंय, चालत नाही, पण उघडतो मस्त.