घसा कोरडा पडला म्हणजे माणूस खोटारडा?

मंडळी, आधी एक घोळ सोडवू या, कारण वकिलांशी बोलताना पण तो सारखा समोर येतो. पोलिसांनी आवाजाचा नमुना घेतला असं पेपरात आलं की लोकांना वाटतं आता खरंखोटं कळणार. तसं नाहीये. रितेश सिन्हा केसमध्ये 2019 ला सुप्रीम कोर्टाने मॅजिस्ट्रेटला नमुन्याचा आदेश द्यायची मुभा दिली, ती रेकॉर्डिंगमधला आवाज याच माणसाचा का, एवढं जुळवून बघायला. मी आज बोलतेय ते आवाज ऐकून खोटं पकडतो म्हणणाऱ्या मशीनबद्दल.

आता ताण आला की आवाज बदलतो हे खरंच आहे, स्वरयंत्राचे स्नायू ताठरतात, पट्टी चढते, श्वास अपुरा पडतो, घसा कोरडा होतो. तुम्ही फोनवर नुसतं हॅलो म्हणता आणि आई विचारते, काय झालं रे? पण बघा, तिला सुद्धा काहीतरी झालंय एवढंच कळतं, काय झालंय ते विचारावंच लागतं ना. मशीनवाले हा विचारायचा भागच गाळतात.

1970 च्या सुमारास अमेरिकेत लष्करातल्या माजी अधिकाऱ्यांनी पहिलं असं यंत्र काढलं. आधार काय, तर हातापायाच्या स्नायूंत सेकंदाला 8 ते 12 वेळा होणारी बारीक थरथर, ती आवाजातही असते आणि खोटं बोलताना दबते म्हणे. स्वरयंत्राच्या स्नायूंत मात्र ती तशी सापडलीच नाही. 2007 मध्ये एरिक्सन आणि लासेर्डा या स्वीडनमधल्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी अशा मशीनांना सरळ भोंदूगिरी म्हटलं, तर एका इस्रायली कंपनीच्या कायदेशीर धमकीनंतर प्रकाशकाने तो लेख वेबसाइटवरून काढला. मला याचा अजून राग येतो, चूक असेल तर प्रयोग करून दाखवा ना!

प्रयोग झाला तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या तुरुंगात. नुकत्याच अटक झालेल्या 319 जणांना विचारलं, अलीकडे ड्रग्ज घेतलं का, आणि नंतर लघवी तपासली, म्हणजे खरं काय ते हातात. जे खोटं बोलले त्यातले जेमतेम 15 टक्के मशीनला सापडले, एकूण अचूकता 50 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पण गंमत नाही, गंभीर गोष्ट पुढे आहे. मशीन समोर असताना 14 टक्केच खोटं बोलले, आधीच्या अभ्यासात मशीन नव्हतं तेव्हा 40 टक्के. थोडक्यात काम करते ती भीती, आणि म्हणून पोलिसांना मशीन आवडतं.

पण तीच भीती निर्दोष माणसावर पण चालते. 1998, कॅलिफोर्निया, 14 वर्षांचा मुलगा, बहिणीचा खून झालेला, आणि चौकशीत त्याला सांगितलं की मशीन म्हणतंय तू खोटं बोलतोयस. तासन् तास ते ऐकून पोराला स्वतःच्या आठवणीवरच शंका यायला लागली, शेवटी मीच मारलं असेल म्हणाला. पुढे तिचं रक्त एका भटक्या माणसाच्या कपड्यावर सापडलं. मुलगा निर्दोष आहे असं कोर्टाने जाहीर करायला 2012 उजाडलं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या सेल्वी निकालाने 2010 मध्ये नार्को (औषध टोचून चौकशी), पॉलिग्राफ (अंगाला वायरी लावून खोटं पकडायची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (डोक्याला वायरी लावून मेंदूची चाचणी) संमतीशिवाय करायला बंदी केली. आवाजाचं मशीन त्यात नावाने नाही, पण माझ्या मते तर्क तोच लागतो, संमती हवीच. आता इथे ना सुई ना वायर, नुसतं बोलायचंय म्हटलं की माणूस संमतीच्या कागदावर पटकन सही करतो, तेव्हा वकील मंडळींना विनंती, अशिलाने सही करायच्या आधी त्याला ओक्लाहोमाचे आकडे सांगा.