माया ठेवून शिवलेलं
(इंदूरच्या एका महिला मंडळातल्या भाषणाचं संपादित रूप)

मी ब्लाउज शिवते, भाषणं करत नाही. 32 वर्षं झाली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणींची मापं माझ्या वहीत आहेत. घाबरू नका, कुणाचं सांगणार नाही.

टेप कमरेला लावली की बाई पोट आत ओढते. कॉलेजातली ओढते, नातवंडं झालेलीही ओढते. मग मी टेप तशीच धरून विचारते, "काकू, पुण्याचा मुलगा काय म्हणतो?" त्या बोलायला लागल्या की पोट आपसूक जागेवर येतं. ते माप मी लिहिते.

पूर्वी म्हणायच्या, "जरा सैल ठेव गं, अंगावर येतं बाळंतपणानंतर." 2008 च्या सुमारास पेपरात आणि टीव्हीवर 'साइझ झीरो'चा गाजावाजा झाला, आणि त्यानंतर एक नवं वाक्य कानावर यायला लागलं: "मावशी, आत्ताचं माप नका धरू, मी कमी होणार आहे." आता तर मोबाइल पुढे करतात. फोटोतल्या मुलीची कंबर फोटोतच बारीक केलेली असते, ब्लाउज मात्र मी कापडाचा शिवायचा!

सगळं खापर टीव्हीवर फोडू नये. 'चवळीची शेंग' हे कौतुक आपल्याच आज्यांचं. आणि लग्नघरात पहिलं वाक्य काय? "अगं, किती सुटलीस!" चहा नंतर. शेजारच्या हिंदी भाभी त्याच अंगाला "सेहत बन गई" म्हणतात, तेही कौतुकानं. एकच पोरगी, एकच अंग, जिना उतरेपर्यंत दोन निकाल.

बोलायचं ठरल्यावर थोडं वाचलं. फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानायचे, बारीक झालं तर घरचे काळजी करायचे. त्यातल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी संशोधकांना सापडली नव्हती. 1998 मध्ये शंभरातल्या अकरा जणींनी तसं करत असल्याचं सांगितलं. तीन वर्षांत! हे वाचलं त्या दिवशी माझं मशीन बंदच राहिलं.

दुसरं वाचलं ते माझ्या धंद्यातलं. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या सरकारनं सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली, एकेकीची 59. ब्लाउजला मला दहा-बारा पुरतात. गोऱ्या नसलेल्यांची मापं हिशोबातच धरली नाहीत. त्या आकड्यांवरून 1958 मध्ये रेडिमेड कपड्यांचं कोष्टक निघालं, आणि 1983 मध्ये ते मागे घेतलं, कारण बायका त्यात बसत नव्हत्या. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी सहा शहरांत 25,000 लोकांची मापं घ्यायचं ठरलं. त्यात इंदूर नाही. म्हणजे आपल्या पोह्या-जिलबीचा हिशोब कुणी धरलाच नाही. तरी मॉलच्या ट्रायल रूममध्ये कुर्ता अडकला की आपली मुलगी कुर्त्याला नावं ठेवत नाही, स्वतःला ठेवते. माझ्याकडे असं झालं तर तुम्ही मला झापता आणि पैसे कापता. तेच बरोबर आहे.

एक सांगते आणि थांबते. नोव्हेंबरात एक मुलगी आली, फेब्रुवारीत लग्न. कंबर 32. म्हणाली, "28 ची शिवा." आई अभिमानानं म्हणाली, "पोहेसुद्धा सोडलेत तिनं." इंदुरात पोहे सोडणं म्हणजे संन्यासच. वाद घालून गिऱ्हाईक जातं, हे मला ठाऊक. मी 28 ची शिवली. पण नेहमी बगलेत इंचभर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवते, तिथं दोन्हीकडे दोन-दोन इंच ठेवली, आणि आधी 32 ची टीप मारली, मग आत 30 ची, सगळ्यात आत 28 ची.

लग्नाच्या सकाळी सहाला आईचा फोन. कार्यालयात पोचले तर पोरगी अर्ध्या हुकांवर उभी, ओठ सुकलेले, डोळ्यांखाली मेकअपनंही न झाकलेलं काळं. बारीक झाली होती, नाही असं नाही. तिला खुर्चीत बसवलं आणि ब्लेडनं एक टीप उसवली. हूक लागेना. दुसरी उसवली. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आधीच...?" मी म्हटलं, "हात वर कर." सगळे हूक लागले. तिनं किती तरी वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. आई बाहेर पाहुण्यांत होती. पोरगी हळूच म्हणाली, "खाली नाश्त्याला पोहे आहेत ना? जिरावन मसाला जरा जास्त टाकून आणाल?"