इंजिन झोपलेलं, एसी जागा

मंडळी, पंखे फुल्ल सोडलेत तरी तुम्ही कार्यक्रमपत्रिकेने वारा घेताय, म्हणजे हायब्रिड गाडीच्या, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या, एसीचा विषय योग्य दिवशी आलाय. मे महिन्यात मुंबईचा पारा नागपूरसारखा चढत नाही. बहुतेक दिवस 33-34 वर अडतो. पण घाम काही सुकत नाही. गाडीच्या एसीचं दुखणंही तेच. त्याला इथली हवा नुसती गार करून भागत नाही, तिच्यातलं पाणी पिळून काढावं लागतं. गाडी उभी केली की खाली थेंब थेंब थारोळं साचतं ना, ते हे पिळलेलं पाणी. तेवढ्यासाठीही पेट्रोल जळलेलं असतं.

साध्या गाडीत एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो, मग ब्लोअर नुसता वारा घालत बसतो. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीची पहिली पिढी 1997 ची. तिचाही कंप्रेसर पट्ट्यावरच होता. 2003 च्या दुसऱ्या पिढीत त्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. तिचा एसी म्हणजे खाली केलेली काच, आणि तीही अर्धीच उतरायची.

आपल्याकडे ‘हायब्रिड’ हे लेबल दोन वेगळ्या गाड्यांना लावतात. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते; तिथे बहुधा कंप्रेसर पट्ट्यावरच असतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन थांबलं की थंडावा ओसरायला लागतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर थोडा वेळ एकटीही गाडी ओढते, आणि कंप्रेसर बॅटरीवर चालतो. शोरूममध्ये बाकी माहिती ऐका न ऐका, एवढं मात्र विचारा: इंजिन बंद असताना गार हवा येते का?

आता माझ्याकडे नेहमी येणारी तक्रार. एक काका घाबरून म्हणाले, “गाडीत काहीतरी शिरलंय. मी शीवच्या सिग्नलला उभा, पायही हलवला नाही, आणि इंजिन आपोआप सुरू!” मी म्हटलं, काका, तुमची बॅटरी माठ नाही, तांब्या आहे. मारुतीच्या ग्रँड विटारा गाडीच्या स्ट्राँग हायब्रिडचंच घ्या. तिच्या बॅटरीत जेमतेम 0.76 युनिट वीज मावते. घरचा दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. शिवाय हा तांब्या गाडी कधी तळापर्यंत रिकामा होऊ देत नाही, बॅटरीचं आयुष्य राखायला मधला भागच वापरते. तापलेल्या गाडीत एसी सुसाट सोडलात, तर काही मिनिटांत इंजिनाला उठून तांब्या भरावाच लागतो. ब्रेक दाबल्यावरही थोडी वीज परत येते, पण तुंबलेल्या रांगेत मुंगीच्या पावलाने जाताना ब्रेकमधून येऊन येऊन येणार किती?

म्हणून उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या काचा लावून घेऊ नका. मिनिटभर दारं-काचा उघड्या ठेवा, आतली भट्टी फुकटात बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. गाडी गार झाली की आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा, म्हणजे बाहेरचा दमटपणा पुन्हा पुन्हा पिळावा लागत नाही. लांब जायचं असेल तर अधूनमधून बाहेरची हवा घ्या. कोंडलेल्या हवेत चालकाला पेंग येते.

मागच्या सीटच्या कडेला बऱ्याच हायब्रिडमध्ये एक जाळी असते. बॅटरीला गार ठेवणारी हवा तिथूनच, गाडीच्या आतूनच ओढली जाते. एका गाडीत त्या जाळीवर दादरच्या बाजारातून आणलेलं गोणपाट महिनोन्महिने पडून होतं. तक्रार काय, तर “ॲव्हरेज पडलं.” पडणारच! आत बॅटरी उकडत होती. जाळीमागे फिल्टर असेल तर तोही साफ करून घ्या, विशेषतः घरात कुत्रा असेल तर.

एसीचा गॅस भरताना मात्र जिभेला कंजुषी करू नका, विचारा. विजेवरच्या कंप्रेसरची मोटर तेल-गॅसच्या संगतीतच फिरते, म्हणून तेल विजेला अडवणारंच लागतं. पट्ट्याच्या कंप्रेसरचं नेहमीचं तेल थोडं जरी मिसळलं, तरी वीज गळायला लागते आणि गाडी दिवा लावून रुसते. माझ्याच गाडीत एका ओळखीच्या गॅरेजने हा पराक्रम केला. चूक माझी; मी चहा प्यायला गेलो होतो. आणि जबर दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी वायरींना कुणी हात लावायचा नाही, माझ्या हाताखालच्या पोरांनीसुद्धा प्रशिक्षणाशिवाय नाही.

मागून प्रश्न आलाय की बेसमेंटात ड्रायव्हर एसी लावून झोपतो, इंजिन तर बंदच असतं, चालेल का? नाही चालणार. तांब्या रिकामा झाला की इंजिन उठणार, त्याला कुणी उठवावं लागत नाही. धूर बंद बेसमेंटात कोंडतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; झोपलेल्या माणसाला कळणारही नाही. त्याला या हॉलमध्ये पंख्याखाली झोपू द्या. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडेच असते ना?