थोमा आठ दिवस कुठे होता?

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि तरुण संघातल्या मुलामुलींनो, सलाम.

३ जुलै हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित थोमा, याचा स्मरणदिन. पूर्वी तो २१ डिसेंबरला असे. काही मंडळ्या अजूनही तेव्हाच पाळतात. केरळातल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते की इ. स. ५२ मध्ये तो मुझिरिस बंदरात उतरला आणि इ. स. ७२ मध्ये मैलापूरला त्यानं प्राण दिला. ही परंपरा मी आदरानं घेतो. पण आज मला योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा हवा आहे. आपल्या सोलापुरातल्या पोरांच्या तो फार जवळचा आहे.

मित्र लाजर मेल्यावर येशू यहूदियाकडे निघतो. तिथले लोक त्याला धोंडमार करायला टपलेले. शिष्य कचरतात, आणि थोमा म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. अशा माणसाला आपण नुसता संशयी म्हणून लक्षात ठेवतो! पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री तोच विचारतो, प्रभू, तू कुठे जातोस हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? त्यानं विचारलं म्हणून ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे उत्तर आपल्यापर्यंत आलं.

मग पुनरुत्थान. मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना भेटतो, तेव्हा थोमा तिथे नसतो. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं तो बाकीच्या दहा शिष्यांच्या तोंडावर सांगतो. त्यानंतरचं वाक्य आपण घाईनं वाचतो : आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. बघा, तो निघून गेला नाही. त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. आठ दिवस विश्वास ठेवणारे दहा आणि न ठेवणारा एक, एकत्र राहिले. प्रभू आला तो त्याच घरात, आणि आल्यावर रागावला नाही. हात पुढे केला. ‘माझा प्रभू व माझा देव!’ ही कबुली त्या घरात उमटली.

आपल्याकडे शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, वचनं तोंडपाठ होतात, दृढीकरण होतं म्हणजे मूल स्वतः विश्वासाची कबुली देतं, आणि बारावीनंतर मूल पुण्याला, हैदराबादला जातं. तिथे खोलीतला मित्र विचारतो, तुझ्या येशूला तू का मानतोस? घरी हाच प्रश्न आपल्या मुलानं विचारला होता, तेव्हा आपण त्याला ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प केलं. मला याचं खरंच दुःख होतं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत. त्यांनी काही वर्षं घेतली आणि स्वतःच्या मनानं आल्या. त्या वर्षांत त्यांना जो अवधी मिळाला, तो आपण आपल्या लेकीला देतो का?

म्हणून माझी मंडळीला विनंती आहे. तरुण संघाच्या सभेत निदान अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका. मंडळीच्या पंचांपैकी दोघांनी तरी बसावं, आणि उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्यात शोधून आणावं. शनिवारी रात्री पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येणाऱ्या मुलांनाही बसता यावं, म्हणून वेळ रविवारच्या उपासनेनंतरचीच धरा.