पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप माझ्या हातून घडलं का?

जय ख्रिस्त मंडळी! बायबल उघडा. मार्क, अध्याय ३. बरेच जण २९ व्या वचनाशी अडकतात: पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला क्षमा नाही. तिथंच पुस्तक मिटतं अन् झोप उडते. अहो, ३० वं वाचा ना! मार्क कारण सांगतो: येशूला अशुद्ध आत्मा लागलाय, असं ते म्हणत होते.

'ते' म्हणजे यरुशलेमहून आलेले शास्त्री, धर्मशास्त्राचे शिक्षक. मत्तय १२ मध्ये परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक आहेत. येशूनं बरं केलेला आंधळा-मुका माणूस सगळ्यांसमोर बोलू लागला, पाहू लागला. नाकारायला जागाच नाही, तर म्हणाले, हे भुतांचा अधिपती बालजबूल याचं काम! देवाचं काम डोळ्यांनी पाहून त्याला सैतानाचं ठरवलं. आपलं चुकलं, अशी धास्ती त्यांच्यातल्या कोणी घेतल्याचं तिथं दिसत नाही.

आता कापूस वेचता वेचता एखादीच्या डोक्यात आत्म्याबद्दल घाण शब्द येतो. तिला तो नको असतो. हाकलला की दुप्पट येतो. मग ती प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर अन् प्याला घेत नाही, घरी सांगत नाही. बाई, तू त्या शास्त्र्यांच्या रांगेत नाहीस. नापिकीच्या वर्षी धुऱ्यावर उभं राहून देवाला शिव्या देणारा भाऊही नाही. पेत्रानं शपथ घेऊन येशूला नाकारलं, पौल स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणवतो. दोघांनाही क्षमा मिळाली.

काही वक्ते मात्र सभेत हेच वचन धाकाला वापरतात: आमच्यावरच्या पवित्र आत्म्याच्या अभिषेकावर शंका घ्याल तर क्षमा नाही! मले हे बिलकुल पटत नाही. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्रात तपासून पाहिलं, प्रेषित १७:११, अन् ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना चांगलंच म्हणतो.

एकदा मिळालेलं तारण, म्हणजे पापातून सुटका, हरवू शकतं का? नागपूरला स्कॉटिश प्रेस्बिटेरियन शिकवण आली, यवतमाळकडे फ्री मेथडिस्टांची; पहिले नाही म्हणतात, दुसरे हो. तो वाद आज नाही काढत बापा. योहान ६:३७ दोघंही वाचतात: जो येशूकडे येतो, त्याला तो घालवून देणार नाही. तिथं 'ज्याला खात्री वाटते तो' असं लिहिलेलं नाही.

विचार दिवसभर सोडतच नसेल तर पाळकांशी बोला अन् डॉक्टरलाही दाखवा. हा मंत्रचळ (ओसीडी), म्हणजे नको तो विचार परत परत येण्याचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अन् या रविवारी प्रभुभोजन असेल तर मागच्या बाकावरून उठून बाहेर जाऊ नका.