आयोवा सिटी : लिहायला वेळ देणारं गाव

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातली ती कविता आठवतेय का, वडील रात्री उशिरा लोकलने घरी येतायत, कपडे ओले, पुस्तकांनी भरलेली बॅग फाटायला आलेली, घरी शिळी पोळी आणि पोरं धड बोलत नाहीत त्यांच्याशी. दिलीप चित्रे यांची. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती मार्कांसाठी घोकली आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो, त्यात आपला दोष नाही, बारावीत सगळंच तसं होतं. तर ही कविता ज्या संग्रहात आहे तो १९८० साली आला, आणि त्याच्या आधी, १९७५ ते ७७, चित्रे अमेरिकेत आयोवा नावाच्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीत होते. नोकरीला नाही, डिग्रीला पण नाही. लेखक म्हणून बोलावलेले.

आजचा व्हिडिओ त्या युनिव्हर्सिटीबद्दल आहे, युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा.

(इथे नकाशा)

आयोवा म्हणजे अमेरिकेच्या मधोमध, समुद्र दोन्ही बाजूंनी लांब. मका, सोयाबीन, आणि माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त. त्यातलं आयोवा सिटी हे गाव, लोकसंख्या जेमतेम पाऊण लाख, आपल्याकडे एवढ्या गावाला तालुक्याचं ठिकाण म्हणतात आणि तिथे एक एसटी स्टँड, एक कॉलेज आणि चार मंगल कार्यालयं असतात. या गावाला २००८ साली युनेस्कोने साहित्याचं शहर म्हणून मान दिला. जगातलं तिसरंच, आधी एडिंबरा, मग मेलबर्न आणि मग थेट हे. गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमधे नदीला पूर येऊन युनिव्हर्सिटीच्या कितीतरी बिल्डिंगा पाण्यात गेल्या होत्या.

एक गोष्ट आधीच क्लिअर करून घेऊ कारण बातम्यांमधे कायम घोळ होतो. इथे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. एक रायटर्स वर्कशॉप, १९३६ पासूनचं, दोन वर्षांचा कोर्स, शेवटी एमएफए, म्हणजे ललित कलांमधली पदव्युत्तर डिग्री मिळते आणि थीसिस म्हणून तुमच्या कथा किंवा कविता किंवा कादंबरीच द्यायची. दुसरा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम, १९६७ पासूनचा, त्यात जगभरातले आधीच लिहिते झालेले लेखक काही काळासाठी येऊन राहतात, परीक्षा नाही, डिग्री नाही. चित्रे या दुसऱ्यात होते.

आता सर्जनशील लेखनाला डिग्री, हे ऐकलं की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतंच की अहो लिहिणं काय शिकवता येतं का, ते आतून यावं लागतं. आयोवातही हे म्हणणारे लोक होतेच. पण तिथे १८९७ सालीच पद्यलेखनाचा एक वर्ग सुरू झाला होता, आणि १९२२ मधे कार्ल सीशोर नावाच्या डीननी जाहीर केलं की पदव्युत्तर डिग्रीसाठी कथा-कविता किंवा संगीतरचना पण प्रबंधाऐवजी चालेल. हे सीशोर मुळात मानसशास्त्रज्ञ. आणि १९३६ मधे वर्कशॉपचे पहिले डायरेक्टर झाले विल्बर श्रॅम. हो तेच, पत्रकारितेचा कोर्स केलेल्यांनी आत्ता कान टवकारले असतील, संज्ञापनाचं, म्हणजे कम्युनिकेशनचं, ते दोन गोल एकमेकांत अडकलेलं मॉडेल ज्यांचं आहे तेच हे श्रॅम. ते पुढे त्या विषयाकडे वळले आणि १९४१ ला सूत्रं आली पॉल एंगल यांच्याकडे.

एंगल हा माणूस नीट समजून घेतला पाहिजे. जवळच्याच सीडर रॅपिड्सचा, घोड्यांचा धंदा असलेल्या बापाचा मुलगा, स्वतः कवी, पण कवी म्हणून आज कोणी फार आठवत नाही त्याला. त्याचं खरं कसब म्हणजे पैसा उभा करणं. कारखानदार, धान्याच्या कंपन्या, वॉशिंग मशीनवाले, सगळ्यांच्या दारात जाऊन हा म्हणायचा की माझ्या कवींसाठी पैसे द्या, आणि लोक द्यायचे! महायुद्ध संपल्यावर सैन्यातून सुटलेली पोरं सरकारी खर्चाने शिकायला आली, जागा पुरेना, तर नदीकाठच्या लष्करी बराकींमधे वर्ग भरायला लागले. पत्र्याच्या बराकी, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात विचारूच नका.

(इथे बराकींचे जुने फोटो)

१९४५ च्या सुमाराला एक लाजाळू मुलगी एंगलच्या ऑफिसात आली, जॉर्जिया राज्यातून, पत्रकारिता शिकायला म्हणून आयोवाला आलेली. तिचे दक्षिणेकडचे उच्चार इतके जड की एंगलला एक अक्षर कळेना. तिला परत विचारलं, परत कळेना. शेवटी त्याने पॅड पुढे सरकवला की बाई लिहून दे. तिने लिहिलं की माझं नाव फ्लॅनरी ओकॉनर, मी पत्रकार नाहीये, मी वर्कशॉपमधे येऊ का. हा किस्सा स्वतः एंगल सांगायचा, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला, पण पुढचं पक्कं आहे, ती मागच्या बाकावर गप्प बसायची आणि १९४७ ला डिग्री घेऊन बाहेर पडली. आज अमेरिकन कथेचा इतिहास तिला वगळून लिहिताच येत नाही.

बरं, वर्गात चालतं तरी काय? फार काही नाही खरं तर. एकाची कथा सगळ्यांना आधीच वाटलेली असते, सगळ्यांनी ती वाचून यायची, टेबलाभोवती बसायचं आणि त्या कथेची चिरफाड करायची. ज्याची कथा आहे त्याने तोंड उघडायचं नाही. कोणी म्हणतं शेवट फसलाय, कोणी म्हणतं ही आई मुळात कथेत कशाला आहे, आणि लेखक बिचारा मान खाली घालून टिपणं काढतोय. या पद्धतीची नक्कल पुढे अमेरिकेतल्या शेकडो युनिव्हर्सिट्यांनी केली, कित्येक ठिकाणी तर इथूनच शिकून गेलेल्यांनीच ती सुरू केली.

मला स्वतःला हा गप्प बसायचा नियम अर्धाच पटतो. सगळ्यांची पार्श्वभूमी एकसारखी असेल तर ठीक, पण एकट्याचंच जग वेगळं असेल आणि बाकी दहाजण त्यांच्या चष्म्यातून सांगतायत की तुझं काय चुकलं, तर त्याने करायचं काय? लेखिका सँड्रा सिस्नेरोस सत्तरच्या दशकात इथे शिकत होती. शिकागोतल्या मेक्सिकन घरातली मुलगी, सात भावंडं. एका वर्गात घर या कल्पनेवर चर्चा रंगली होती, माळा, जिने, तळघर, बालपणीच्या आठवणी वगैरे, आणि हिला वाटलं की अरे आपल्याकडे कुठे होता माळा, आपण तर भाड्याच्या खोल्या बदलत मोठं झालो. त्या चर्चेत तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मग तिने ठरवलं की जे या वर्गात कोणालाच लिहिता येणार नाही तेच आपण लिहायचं. त्यातून ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ आली, १९८४ साली, आणि आज ती अमेरिकेतल्या शाळांमधे शिकवली जाते. आता याचं श्रेय वर्कशॉपला द्यायचं की वर्कशॉपवर चिडल्याला, तुम्हीच ठरवा. तिच्याच बॅचला जॉय हार्जो होती, मूळनिवासी मस्कोगी समाजाची, दोघी वर्गात एकमेकींच्या आधाराने टिकल्या, ती हार्जो २०१९ मधे अमेरिकेची राष्ट्रकवी झाली. त्या पदावर बसलेली पहिली मूळनिवासी व्यक्ती.

आपल्याकडून गेलेल्यांमधे लेखिका भारती मुखर्जी. कोलकात्याची, एमए बडोद्याला केलं आणि १९६१ ला थेट आयोवा. तिथे क्लार्क ब्लेझ हा वर्गमित्र भेटला आणि दोघांनी १९६३ मधे लंच ब्रेकमधे जाऊन लग्न केलं, खरंच, जेवणाच्या सुट्टीत. पुढे अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर तिने जे लिहिलं त्याला १९८८ चं नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल अवॉर्ड मिळालं.

शिकवणाऱ्यांचे किस्से वेगळेच. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट १९६५ ला आला तेव्हा त्याची पुस्तकं फारशी कोणी विकत घेत नव्हतं, पगाराची गरज होती म्हणून आला, आणि इथे दोन वर्षं शिकवता शिकवता ज्या कादंबरीवर काम करत बसला ती म्हणजे त्याची गाजलेली ‘स्लॉटरहाऊस फाइव्ह’. १९७३ ला रेमंड कार्व्हर आणि जॉन चीव्हर हे दोन नावाजलेले कथाकार एकाच वेळी शिकवायला होते आणि कार्व्हरनेच नंतर सांगितलंय की त्या काळात आम्ही दोघांनी दारू पिण्याशिवाय काही केलं नाही, टाइपरायटरवरचं कव्हर सुद्धा काढलं नाही. म्हणजे वेळ दिला की लिखाण होतंच असंही काही नाही.

पुरस्कारांची यादी वाचत बसत नाही, ती युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहेच, विद्यार्थ्यांचीच पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला मोठा साहित्य पुरस्कार, डझनावर आहेत. एकच सांगतो. पॉल हार्डिंग, आधी रॉक बँडमधे ड्रम वाजवायचा, मग इथे शिकला, पहिली कादंबरी प्रकाशकांनी नाकारली, ती काही वर्षं पडून राहिली, शेवटी एका अगदी छोट्या प्रकाशनाने काढली आणि २०१० चं पुलित्झर तिलाच मिळालं. वर्कशॉप स्वतः मात्र याबाबतीत प्रामाणिक आहे. त्यांची अधिकृत भूमिकाच अशी आहे की आमचे विद्यार्थी मोठे झाले ते आम्ही दिलं त्यापेक्षा त्यांनी सोबत जे आणलं त्यामुळे. आपल्याकडचे क्लासवाले असं बोर्डावर लिहितील का?

(इथे आयोवा नदीचा शॉट)

आता दुसरा प्रोग्रॅम, चित्र्यांचा. याची कल्पना एंगलची नाही, न्ये ह्वालिंग यांची. चिनी कादंबरीकार, तैवानमधे ज्या नियतकालिकात त्या काम करत होत्या ते सरकारने बंद पाडलं, १९६४ ला आयोवाला आल्या. या नदीवर बोटीतून फिरताना त्यांनी एंगलला सुचवलं की आपण जगभरचे लेखक इथे का बोलवत नाही. एंगल म्हणाला वेडी आहेस का, आणि मग नेहमीप्रमाणे पैसे गोळा करायला निघाला. दोघांनी पुढे १९७१ मधे लग्न केलं. त्या पैशांपैकी काही फारफील्ड फाउंडेशनचे होते, आणि ती संस्था म्हणजे सीआयएचा मुखवटा होता हे बाहेर आलेलं आहे. शीतयुद्धाचे दिवस, अमेरिकेला जगभरचे लेखक आपल्या बाजूला हवे होते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण बोलावलेले लेखक काही अमेरिकेचे भाट होऊन परत गेले नाहीत, उलट मेफ्लॉवर नावाच्या बिल्डिंगमधे आपापल्या देशात एकमेकांचे शत्रू ठरलेले लेखक शेजारी शेजारी राहायचे आणि एकमेकांच्या कविता भाषांतरित करायचे. पंधराशेहून जास्त लेखक येऊन गेलेत आत्तापर्यंत. इंग्रजीतले कवी अरविंद कृष्ण मेहरोत्रा, बंगाली कवी शंख घोष, आणि आपले चित्रे, जे तिथून परत आले आणि पुढे तुकाराम इंग्रजीत नेला.

आणि १९८५ ला तुर्कस्तानचा ओरहान पामुक. २००४ ला चीनचा मो यान. १९९८ ला कोरियाची एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची लेखिका तीन महिने राहून गेली, हान कांग. तिघांनाही नोबेल. हान कांगचं तर १० ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झालं, गावात आनंद, आणि अकराच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, न्ये ह्वालिंग आयोवा सिटीतच वारल्या, वयाच्या ९९ व्या वर्षी.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०२५ ला, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं पत्र आलं. जवळजवळ दहा लाख डॉलरची ग्रांट बंद. कारण दिलं की हे आता खात्याच्या प्राधान्यात बसत नाही, राष्ट्रहिताशी जुळत नाही. परदेशी आणि अमेरिकन शाळकरी मुलांना एकत्र आणणारा उन्हाळी वर्ग रद्द झाला, ऑनलाइन कोर्स बंद, नव्या लेखकांना मार्गदर्शन देणारी योजना बंद. शरद ऋतूतलं लेखकांचं निवासी सत्र मात्र इतर देणगीदारांच्या जोरावर चालू ठेवू असं त्यांनी जाहीर केलं.

दहा लाख डॉलर म्हणजे आपले नऊ कोटींच्या आसपास, अमेरिकेच्या सरकारी बजेटमधे हे कुठल्या खात्यात पण दिसणार नाहीत. आणि तीन महिने राहून गेलेल्या बाईला नोबेल मिळायला सव्वीस वर्षं लागली, तेव्हा या कपातीचा हिशोब पुढच्या वार्षिक अहवालात मांडता येईल असं कोणाला वाटत असेल तर कमाल आहे. डायरेक्टर क्रिस्टोफर मेरिल सन २००० पासून हा प्रोग्रॅम सांभाळतायत, स्वतः कवी आहेत. आता त्यांच्यावर तेच काम आलंय जे एंगल करायचा, दारोदार जाऊन सांगायचं की माझ्या कवींसाठी पैसे द्या.