सुपरनोव्हाच्या उजेडाचा उतार

(कोरा आलेख. डावीकडून एकेक ठिपका उमटू लागतो.)

आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप. सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाचा, प्रकाशवक्र तो हाच. उभा अक्ष मात्र आधी नीट बघून घ्या. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी; म्हणून इथे आकडे वर जाताना कमी होतात. ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक.

(वक्र पूर्ण होतो.)

हा श्वेतबटू ताऱ्याचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, घट्ट गाभ्याचा स्फोट, प्रकार १ए. साधारण १८ ते २० दिवसांत तेज शिगेला पोहोचतं आणि मग उतरणीला लागतं. बघणाऱ्याची नजर आधी शिखरावर जाते, ते साहजिकच आहे. पण मला विचाराल तर उतारावर जास्त वेळ थांबा.

कारण स्फोटाची मूळ उष्णता मलबा पसरता पसरताच निवून जाते. मग महिनोन्‌महिने हा उजेड येतो कुठून? स्फोटात तयार झालेल्या निकेल-५६ मधून. ते किरणोत्सारी, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) जेमतेम ६ दिवस. त्याचं कोबाल्ट-५६ होतं, त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, आणि शेवटी उरतं लोखंड. या क्षयातली ऊर्जा मलब्याला तापवत ठेवते.

(दुसरा वक्र: माथ्यावर लांब सपाटी.)

इथे फुटलाय तो हायड्रोजनचं जाड आवरण असलेला महाकाय तारा. आवरण थर-थराने थंड होत असतं, म्हणून तेज सुमारे १०० दिवस जवळजवळ तसंच टिकतं.

(तिसरा वक्र: १९८७ए.)

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, दिसलेला हा तारा मे महिन्यात सर्वांत तेजस्वी झाला, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका. त्यानंतरची ही सरळ रेघ बघा. १०० दिवसांत जवळपास १ प्रत उतार. कोबाल्ट-५६ च्या अर्धायुष्यावरून गणित करा, हाच उतार येतो! आणि रेघ किती उंचीवर आहे, त्यावरून निकेल किती तयार झालं तेही काढता आलं: सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.०७ पट, म्हणजे २३ हजार पृथ्वींएवढं.

साधारण १००० दिवसांनंतर ही रेघ वाकते, उतार मंदावतो. कोबाल्ट-५६ संपत आलेलं असतं. आता उजेडात मोठा वाटा कोबाल्ट-५७ चा, अर्धायुष्य २७२ दिवस. त्याच्याही नंतर टायटेनियम-४४, अर्धायुष्य सुमारे ६० वर्षं.